क्लॅरिनेट : नागरी बँडाचा मुख्य कारभारी

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया संस्थानात 1828 पासून अव्याहत वाजत आलेल्या ॲलनटाउन बँडासारख्या नागरी पथकांत व्हायोलिनांचा ताफा नसल्याकारणाने, सिंफनी वाद्यवृंदात त्यांच्याकडे असणारा स्वरावलीचा बहुतेक सारा कारभार क्लॅरिनेटवादकांच्या पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या फळीकडे सोपविलेला असतो. आणि तिसऱ्या फळीतील खर्जाचे काम ऐकणाऱ्यास जाणवत नसले तरी सगळ्या इमारतीचा पाया तेच, असे माझे स्पष्ट मत आहे.

अठराव्या शतकाच्या प्रारंभी न्यूरेंबर्गच्या डेनर यांनी सिद्ध केलेल्या या वाद्याची नळी आतून जवळजवळ सरळ असून मुखाकडून बंद नळीप्रमाणे वागते. त्यामुळे अंगठ्याची कळ दाबताच स्वर बासरीप्रमाणे एका सप्तकाने न चढता सप्तकासह पंचमाने चढतो, आणि नवख्याची बोटे नेमकी त्या उंबरठ्यावर अडखळतात.

वाद्याच्या मुखाशी बसविलेली रीड म्हणजे बोरूसारख्या वनस्पतीची तासलेली पातळ पट्टी; ती जिभेवर ओली करून घ्यावी लागते. गारठ्यात वाद्याचा स्वर उतरतो, सबब स्वर जुळविण्यापूर्वी नळीत काही काळ ऊन श्वास सोडणे अगत्याचे असते.