खांदा सांभाळत पेएटच्या पाण्यावर

खळाळत्या नदीत कयाक चालवणाऱ्यांना सर्वाधिक धास्ती असते ती खांदा निखळण्याची. हात डोक्याच्या वर आणि मागे गेलेला असताना पाण्याचा लोंढा वल्ह्याला हिसका देतो आणि दंडाच्या हाडाचा गोळा खोबणीतून पुढे सरकतो. हाड जागेवर बसवता येते. पण खोबणीची कडा आणि तिला धरून ठेवणारे अस्थिबंध बहुधा फाटलेले असतात. वय जितके कमी, तितका खांदा पुन्हा निखळण्याचा धोका अधिक. शस्त्रक्रिया झाल्यास नदीवर परतायला साधारण सहा महिने तरी लागतात. मग ठरलेली उन्हाळी सफर रद्दच करायची का?

अमेरिकेतील कयाकपटू टपावर नावा बांधून आठवडेच्या आठवडे या नदीवरून त्या नदीवर मोटारीने भटकत असतात. त्यांच्या वाटेवर आयडाहो राज्यातील पेएट नदी हमखास येते. बॉयसी शहराच्या उत्तरेला, मोटारीने सुमारे तासाभराच्या अंतरावर, बँक्स या चिमुकल्या वस्तीपाशी तिच्या उत्तर आणि दक्षिण शाखांचा संगम होतो. वरच्या धरणांतून पाणी सोडले जात असल्याने भर उन्हाळ्यातही ती वाहती असते. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग केलेल्यांना हा प्रकार परिचयाचा वाटेल.

नद्यांची काठिण्यपातळी १ ते ६ अशा श्रेणींत मोजतात. बँक्सच्या वरची उत्तर शाखा पाचव्या श्रेणीची. सुमारे २५ किलोमीटरमध्ये ती जवळपास ५०० मीटर उतरते. दक्षिण शाखेचा संगमाआधीचा टप्पा चौथ्या श्रेणीचा, तर संगमानंतरची मुख्य नदी तिसऱ्या. म्हणजे सोबत्यांपासून न तुटता बरे होणाऱ्या खांद्याला झेपेल असे पाणी निवडता येते. गैरसोय एकच. महामार्ग क्रमांक ५५ उत्तर शाखेला खेटून जातो आणि मित्रांची झुंज रस्त्यावरून स्पष्ट दिसते. संयमाची खरी परीक्षा तिथेच.

सोप्या पाण्यातही तंत्र बदलावे लागते. कोपर बरगडीजवळ ठेवायचे, तोल सावरताना वल्हे छातीच्या वर जाऊ द्यायचे नाही, मागे वळताना नुसता हात न नेता धड वळवायचे. उलटलेली कयाक सरळ करण्याची ‘रोल’ ही क्रिया आधी तलावाच्या स्थिर पाण्यात, वेदना न होता, पुन्हा पुन्हा जमली पाहिजे. ती फसली तर नावेबाहेर पडून खडकांमधून पोहावे लागते आणि तेव्हा खांदा सांभाळणे कुणाच्याच हाती राहत नाही.

गंमत अशी, की खांदा दुखावण्याची संधी काठावरही असते. सुमारे २० किलोची कयाक मोटारीच्या टपावर चढवताना हात नेमके त्याच नाजूक स्थितीत जातात. तेव्हा ते काम सोबत्यांवर सोपवावे आणि त्याबदल्यात त्यांचे सारथ्य पत्करावे, हे उत्तम. नदी एकाच दिशेने नेते, त्यामुळे मोटार खालच्या काठावर नेऊन ठेवणारा कुणीतरी लागतोच. एरवी त्यासाठी दोन मोटारी तरी लागतात किंवा कुणाला तरी नदी सोडावी लागते. जायबंदी सोबती असलेल्या गटाला दिवसाकाठी एखादी फेरी जास्त मिळते, आणि सारथ्याला संध्याकाळी मुख्य नदीवर स्वतःची.