जोडायचं कसं, तोडायचं कधी

'क्लाउडवर सगळेच लिहितात, तू टेपवर लिही,' असं संपादकांनी फर्मावलं. बँका आणि इस्पितळं आजही आपला डेटा चुंबकीय फितीवर उतरवतात, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं आणि ते त्यांना पटत नव्हतं. म्हणून ओळखीपाळखीतून महाप्याच्या एका डेटा सेंटरमध्ये शिरकाव मिळवला.

इतिहास थोडक्यात सांगून टाकतो. आयबीएमचा ७२६ हा टेप ड्राइव्ह १९५२ चा. टेप बदलायला माणसाऐवजी यांत्रिक हात वापरणारं स्टोरेजटेकचं अवाढव्य कपाट १९८७ चं. २००० साली एलटीओ हे सामाईक मानक आलं, तेव्हा एका टेपवर १०० जीबी मावत. २०२१ च्या एलटीओ-९ वर १८ टेराबाइट मावतात. यात पुण्याचाही वाटा आहे. बॅकअपचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व्हेरिटासचं मोठं केंद्र तिथे होतं आणि बॅकअपच्याच धंद्यातली ड्रुवा कंपनी २००८ साली तिथेच सुरू झाली.

पाहुण्यांना दाखवतात तो रोबोट. काचेआड तो रुळावरून सरकतो, बारकोड वाचतो, तळहाताएवढी टेप खणातून उचलून ड्राइव्हच्या तोंडी देतो. पण मला फिरवून दाखवणाऱ्या बॅकअप इंजिनियर मॅडमना त्याचं फारसं कौतुक नव्हतं. 'तो बिचारा कधी दगा देत नाही. आमची रड इकडे असते,' म्हणत त्या मला रॅकच्या मागच्या बाजूला घेऊन गेल्या.

तिथे फिकट निळ्या फायबरच्या जुड्या होत्या. होस्ट, म्हणजे ज्याचा डेटा जपायचा तो संगणक, टेपपर्यंत दोन वाटांनी पोचतो. एक वाट नेहमीच्या नेटवर्कची: होस्टवरचा एजंट नावाचा छोटा प्रोग्रॅम डेटा बॅकअप सर्व्हरला पाठवतो, तो पुढे टेपवर लिहितो. दुसरी सॅनची, म्हणजे फक्त साठवणुकीसाठीच्या वेगळ्या जाळ्याची: मोठ्या डेटाबेसच्या होस्टमध्ये फायबर चॅनेलचं कार्ड बसवतात आणि तो मधल्या स्विचमार्गे थेट ड्राइव्हशी बोलतो.

त्या दिवशी एक नवा होस्ट जोडायचा होता. मॅडमनी फायबरच्या टोकाची टोपी काढली, टोक पेनसारख्या क्लीनरने पुसलं आणि मगच पोर्टात सरकवलं. हिरवा दिवा लागला. मला वाटलं, झालं काम. खरं काम तिथून पुढे होतं. प्रत्येक कार्डाला सोळा अंकाक्षरांचा जागतिक पत्ता असतो. सहकारी तो स्क्रीनवरून मोठ्याने वाचत होता, मॅडम आपल्या तक्त्याशी ताडून पाहत होत्या. मग स्विचवर झोन केला: या होस्टचं हे एक पोर्ट आणि हे ठरावीक ड्राइव्ह, बाकी कुणी कुणाला दिसायचं नाही.

इतका सोवळेपणा कशासाठी? कारण डिस्क कुठूनही वाचता येते, टेपला एकच जागा असते, हेडखालची. एकच ड्राइव्ह दोन होस्टना दिसला, आरक्षणाची सोय नीट लावलेली नसली आणि एकाने सुरू होताना त्याला रीसेट केलं, तर दुसऱ्याची अर्धी लिहिलेली टेप गुंडाळून मूळ जागी जाऊ शकते. पुढचा डेटा मग आधीच्याच डोक्यावर लिहिला जातो. म्हणून 'दिसलं नाही तर बिघडणार नाही' हा या खात्याचा नियम.

दुसरा हट्ट वेगाचा. एलटीओ-९ ची फीत १,०३५ मीटर लांब. तिच्यावर ८,९६० ट्रॅक, एका वेळी ३२ लिहिले जातात, म्हणजे पूर्ण टेप भरायला या टोकापासून त्या टोकापर्यंत २८० फेऱ्या. सेकंदाला ४०० एमबी मिळत राहिले तर साडेबारा तास लागतात. एक गिगाबिटच्या नेटवर्कवरून मात्र सेकंदाला १२५ एमबीपेक्षा जास्त येऊच शकत नाहीत. तीच टेप चाळीस तास खाते. ड्राइव्ह आपला वेग थोडाफार उतरवतो, पण त्यालाही मर्यादा आहे. डेटा त्याहून कमी आला, की थांब्यापुढे गेलेली एसटी मागे घ्यावी तशी फीत थांबते, मागे येते, पुन्हा धाव घेते. रात्रभर हेच चाललं तर वेळ जातो आणि हेड व फीत दोन्ही झिजतात. म्हणून बरेच जण आधी डिस्कवर डेटा साठवतात आणि मग एका दमात टेपवर सोडतात.

इथवर सगळं हुशारीचं काम वाटतं. काळजी पुढे आहे. बॅकअप सर्व्हर प्रत्येक होस्टशी जोडलेला, प्रत्येकावर त्याचा एजंट, त्याला सगळीकडे मुभा. खंडणीखोराच्या हाती हा एकच सर्व्हर लागला तर? खणातल्या टेपाही रोबोट त्याच्याच हुकमाने ड्राइव्हमध्ये घालतो आणि मग पुसणं अवघड नसतं. खरी सुरक्षित तीच टेप, जी काढून दुसऱ्या गावच्या तिजोरीत गेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर हल्ला झाला, तेव्हा हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून ई-हॉस्पिटलचा डेटा परत मिळाला. तरी कित्येक दिवस कामकाज कागदावर चाललं.

बॅकअप आहे असं समजणं आणि तो असणं यातही अंतर आहे. जानेवारी २०१७ च्या अखेरीस गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या अभियंत्याकडून चालू डेटाबेस पुसला गेला. रोजचा बॅकअप आवृत्ती न जुळल्याने बंद पडला होता आणि तसं कळवणारे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. सहा तासांपूर्वी कुणीतरी सहज घेतलेल्या प्रतीने लाज राखली. मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच.

त्यात वर्षांचा हिशेब. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाच्या वह्या आठ वर्षं जपायच्या. एलटीओ-९ चा ड्राइव्ह मात्र फक्त एकच पिढी मागचं वाचतो. २०१५ ला आलेल्या एलटीओ-७ च्या टेपा त्याला वाचता येत नाहीत. म्हणजे जुने ड्राइव्ह, त्यांना चालणारी कार्डं, ती ओळखणारे होस्ट, सगळंच सांभाळायचं.

मॅडमच्या मासिक अहवालात यशस्वी जॉबची टक्केवारी ठळक छापलेली असते. रिस्टोअर करून पाहिल्याचा रकाना त्यात नव्हता. तो त्यांनी स्वतःहून घातला. तो भरायचा तर चाचणीसाठी एक रिकामा होस्ट लागतो. तशी मागणी त्यांनी वर पाठवली आहे. 'बॅकअप तर रोज होतोय ना, मग कशाला?' हा प्रश्न खाली आला, होस्ट अजून आलेला नाही.