सूत कोणाच्या हाती?

लहान कारखानदाराने आपला उंची माल बंद केला की आपण म्हणतो, गिऱ्हाईक नसेल. नेहमी तसं नसतं. बीबीसीने १९७०च्या दशकात एलएस३/५ए हा छोटा स्पीकर घडवला. रॉजर्ससारख्या लहान कंपन्या तो परवान्यावर बनवत. त्यातला वूफर आणि ट्वीटर मात्र केफ या एकाच कंपनीचा. १९९८च्या सुमारास केफने ते बनवणं थांबवलं. चाहते होते, आराखडाही होता. तरी तेव्हा स्पीकरचं उत्पादन थांबलं. दुसरे भाग बसवले तर आवाज बदलणार, मग नाव तेच कसं ठेवायचं?

नैयायिक याला समवायी कारण म्हणतात: पट तंतूंतच राहतो, तंतू गेले की पटही गेला. परळ-लालबागमध्ये बसून आम्ही हे वेगळं काय सांगणार? सुताशिवाय माग चालत नाही, हे इथल्या घराघरांत ठाऊक आहे.