आखूड धावपट्टीवरचे पांढरे वाघ

विमानाला वर उचलणारे बल पंखांवरून वाहणाऱ्या हवेमुळे मिळते. त्यामुळे उड्डाणासाठी महत्त्वाचा असतो तो विमानाचा हवेच्या सापेक्ष वेग. हा वेग गाठायला लढाऊ विमानाला जमिनीवर लांबलचक धावपट्टी मिळते. ‘विक्रांत’ या आपल्या पहिल्या विमानवाहू नौकेची मात्र सगळी लांबीच सुमारे २१३ मीटर होती. मग तिच्यावरून जेट विमाने उडत कशी? नौदलाच्या तीनशे क्रमांकाच्या ‘व्हाइट टायगर्स’ स्क्वाड्रनचा इतिहास म्हणजे याच प्रश्नाची तीन उत्तरे होत.

ही स्क्वाड्रन जुलै १९६० मध्ये ब्रिटनमधील ब्रॉडी येथे ‘सी हॉक’ विमानांसह उभी राहिली. १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट रा. ह. ताहिलियानी यांनी विक्रांतवर पहिले जेट विमान उतरवले. पुढे ते नौदलप्रमुख झाले. सी हॉकला वाफेवर चालणारे कॅटापुल्ट गलोलीसारखे पुढे फेकत असे. उतरताना विमानाच्या शेपटीजवळचा आकडा डेकवर ताणलेल्या पोलादी दोरात अडके आणि विमान थांबे.

यात नौकेचाही वाटा असतो. समजा, उड्डाणाला ११० नॉट वेग लागतो. समोरून १० नॉट वारा आहे आणि नौका २० नॉट वेगाने वाऱ्याच्या तोंडावर चालली आहे. विमानाला ३० नॉट आयतेच मिळाले. कॅटापुल्टने ८० द्यायचे. आता वारा पडला आणि नौकेला १५ नॉटच गाठता आले, तर ९५ द्यावे लागतील. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ऊर्जा सुमारे ४१ टक्के जास्त लागेल. तेवढी ताकद नसेल तर इंधन किंवा बॉम्ब कमी करायचे.

१९७१ मध्ये हा हिशेब कागदावर राहिला नाही. विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकात भेगा आढळल्या होत्या, त्यामुळे नौकेचा वेग घटला. तरी तिला बंगालच्या उपसागरात पाठवण्याचा निर्णय झाला. ४ डिसेंबरला सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले.

डिसेंबर १९८३ मध्ये ‘सी हॅरियर’ गोव्यात दाखल झाले. त्याच्या इंजिनातून निघणारा झोत खाली वळवता येई. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार विमानाला वर रेटा मिळे आणि ते जागच्या जागी उतरू शके. १९८७ मध्ये आलेल्या ‘विराट’च्या डेकचे पुढचे टोक वर वळलेले होते. त्यावरून सुटलेले विमान आधी वर जाई आणि पूर्ण वेग गाठायला त्याला आणखी काही सेकंद मिळत.

११ मे २०१६ रोजी गोव्यातील ‘हंसा’ तळावर सी हॅरियर निवृत्त झाले आणि स्क्वाड्रनकडे ‘मिग-२९ के’ आले. हे विमान वर वळलेल्या डेकवरून स्वतःच्या इंजिनांच्या जोरावर उडते; उतरताना मात्र पुन्हा आकडा आणि दोर.

सापेक्ष वेग शिकवताना वर्गात एक प्रश्न विचारून पाहावा: वरच्या पहिल्या उदाहरणातील नौका त्याच वेगाने उलट फिरून वाऱ्याबरोबर जाऊ लागली आणि विमान तिच्या पुढच्या टोकाकडेच सोडायचे असेल, तर कॅटापुल्टने किती वेग द्यावा? उत्तर १०० नॉट. ते ८० का नाही, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्यावे.