डोळा, पोळा आणि पोया

पांढुर्ण्यास आमच्या स्नेह्यांच्या घरी साडेचार वर्षांची एक नात आहे. बालवर्गात बाईंनी तिला डोळ्याचे चित्र दाखविले व त्याच्याशी जुळणारा शब्द विचारला. मुलीने तत्काळ उत्तर दिले, "पोया!" असा शब्दच नाही, असे सांगून बाईंनी तिला खाली बसविले. त्या दिवसापासून ही बडबडी पोर वर्गात तोंड उघडीनाशी झाली. आजींनी ही हकीगत आम्हांस सांगितली तेव्हा त्यांच्या स्वरात रागापेक्षा लाजच अधिक होती. "आमची बोलीच तशी," असे त्या म्हणाल्या, आणि तेच आम्हांस अधिक लागले.

वस्तुतः मुलीचे उत्तर बिनचूक होते. पांढुर्णा-सौंसरकडच्या घरगुती बोलीत, वऱ्हाड-नागपूरप्रमाणेच, 'ळ'चा पुष्कळदा 'य' होतो. डोळा तो डोया, पोळा तो पोया. आरंभीचा ध्वनी पालटावयाचा आणि पुढचा तसाच राखावयाचा, हेच तर यमक. ते तिने साधले होते. तिचा थोरला भाऊ हिंदी शाळेत जातो. तो हेच शब्द 'डोला' आणि 'पोला' असे लिहितो, कारण तेथल्या वर्णमालेत 'ळ' नाही. तीन तऱ्हांनी उच्चार झाला, पण यमक जागचे हलले नाही!

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेला व हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा हा निराळा जिल्हा झाला, सौंसर त्यातच आले. आयांच्या तोंडची बोली मात्र या उलथापालथींतून तशीच चालत आली आहे. वर्तमानपत्रांना पांढुर्णा आठवते ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीमुळे. आम्हांस त्याच्या आदल्या दिवसाचे, बैलांच्या तोरणाखाली म्हटल्या जाणाऱ्या झडत्यांचे अगत्य अधिक. एकाने ओळ टाकावी, दुसऱ्याने तिला जुळती ओळ देऊन उत्तर द्यावे. अक्षरओळख नसलेल्या माणसांचे कान यमकात किती तरबेज असतात, हे तेथे ऐकावे.

या कानाचा वाचनाशी निकटचा संबंध आहे. ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली व पीटर ब्रायंट यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार-पाच वर्षांच्या सुमारे ४०० मुलांस काही शब्द ऐकवून त्यांतला न जुळणारा शब्द ओळखावयास सांगितले होते. ज्यांना तो ओळखता आला, ती पुढे वाचन-शुद्धलेखनात सरस ठरली. ज्यांना ध्वनी जुळविण्याचा सराव देऊन सोबत अक्षरेही हाताळावयास दिली, त्यांची प्रगती सर्वांत अधिक झाली.

ते संशोधन इंग्रजीचे. आपल्या लिपीत एक निराळी अडचण आहे. मोर, दोर, चोर, बोर हे शब्द कानाला चटकन जुळतात. कागदावर मात्र मो, दो, चो, बो ही चार निरनिराळी अक्षरे दिसतात. जुळणारा 'ओ' त्या मात्रेत दडलेला असतो. म्हणून प्रथम आठवडेच्या आठवडे केवळ तोंडी खेळ चालू द्यावा. ताट, पाट, खाट आणि मोर म्हणून 'पाहुणा कोण?' असे विचारावे. मुलाने 'टोर' असा निरर्थक शब्द रचला तरी तो स्वीकारावा, कारण परीक्षा कानाची आहे, शब्दसंग्रहाची नव्हे. मग एके दिवशी चार शब्द एकाखाली एक लिहून मात्रेवर बोट ठेवावे. मात्रा म्हणजे काय हे मग निराळे घोकवावे लागत नाही.

आणि घरची बोली? ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस व पुढे कोसबाडला बालवाड्या चालविल्या. तेथील आदिवासी मुलांची बोलीही पुस्तकी मराठीहून निराळीच होती. त्या मुलांना शाळेत येण्यापूर्वी बोली बदलून या, असे कोणी म्हटले नाही. उलट बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली.

गंमत अशी की 'पोया' म्हणणारे मूल 'ळ'पासून दूर नसतेच. गाल आणि गाळ हे त्याला निरनिराळेच ऐकू येतात. एकाला ते गाल म्हणते, दुसऱ्याला गाय. जेथे त्याचा 'य' आहे तेथे पुस्तकात 'ळ' येतो, एवढेच त्याला दाखवावयाचे असते. उलट ज्याने केवळ 'ल' गिरविला, त्याच्या लेखी गाल-गाळ, माल-माळ, काल-काळ हे सारे एकच होऊन बसतात. सुशिक्षित घरांत, मग ती इंदूरची असोत वा जबलपूरची, ही दुसरी अडचण अधिक आढळते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नकोच.

आजींना आम्ही हा खेळ घरीच मांडावयास सुचविले. संध्याकाळी दिवा लागल्यावर दोन्ही नातवंडे त्यांच्यापुढे बसतात. परवा म्हणे थोरला गाल आणि गाळ यांत फसला, आणि धाकटीने त्याला खाली बसविले.