संकल्पाची मुदत किती?

जानेवारी लागला की छत्रपती संभाजीनगरात पहाटेची वर्दळ वाढते. विद्यापीठाचा परिसर, गोगाबाबा टेकडी, हिमायत बाग, गारखेड्याचं विभागीय क्रीडा संकुल, सगळीकडे नवे बूट दिसू लागतात. कोणी वजन उतरवायचं ठरवलेलं असतं, कोणी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, कोणी तंबाखू सोडायची. संक्रांतीचा तिळगूळ संपला की ही वर्दळ ओसरू लागते. ठरवणाऱ्यांच्या मनात खोट नसते, तरी संकल्प का सुटतात? याचं उत्तर शोधताना मला याच शहराची 2014 ते 2018 ही पाच वर्षं पुन्हा पाहावीशी वाटतात. या काळात इथल्या दोघांनी एव्हरेस्ट गाठायचं ठरवलं आणि दोघांनाही ते पहिल्या प्रयत्नात जमलं नाही.

पहिले रफिक शेख, जिल्ह्याच्या ग्रामीण पोलीस दलातले कर्मचारी. समुद्रसपाटीपासून जेमतेम 570 मीटरवरचं आपलं शहर, आसपास सातमाळा-अजिंठ्याचे बुटके डोंगर आणि नोकरी सणावाराला बंदोबस्ताची. अशा ठिकाणाहून 8,848 मीटरचं शिखर डोळ्यांपुढे ठेवायचं म्हणजे सरावासाठी रजा, मोहिमेसाठी पैसा आणि घरच्यांचा होकार, सगळं एकेक करून जमवणं आलं. त्या सुमारास नेपाळ सरकारचा नुसता चढाईचा परवाना माणशी 11,000 डॉलरचा होता, म्हणजे सात लाखांहून जास्त रुपये. शेर्पा, प्राणवायूचे सिलिंडर, तंबू, प्रवास हा खर्च वेगळाच.

2014 मध्ये शेख पहिल्यांदा मोहिमेवर गेले. 18 एप्रिलला खुंबू हिमप्रपातात बर्फाचा कडा कोसळला आणि दोर-शिड्या लावणारे, सामान वाहणारे 16 नेपाळी सहकारी मृत्युमुखी पडले. शेर्पांनी त्या हंगामात पुढे काम करायला नकार दिला, तो योग्यच होता. नेपाळच्या बाजूच्या मोहिमा थांबल्या. 2015 मध्ये ते पुन्हा गेले. 25 एप्रिलला नेपाळ 7.8 तीव्रतेच्या भूकंपाने हादरला, पुमोरी शिखराच्या बाजूने आलेला हिमलोट बेस कॅम्पवर आदळला. त्या वसंतात एव्हरेस्टच्या माथ्यावर कोणालाच पोचता आलं नाही. एक जानेवारीला लिहिलेल्या संकल्पाचा हिशेब 31 डिसेंबरला मांडायचा, तर शेख यांच्या वहीत सलग दोन वर्षं शून्य लागलं असतं. ते तिसऱ्यांदा गेले आणि 19 मे 2016 रोजी शिखरावर उभे राहिले.

त्याच हंगामात पुण्याच्या एका जोडप्यानेही शिखर गाठल्याचा दावा केला होता. त्यांची छायाचित्रं बनावट असल्याचं चौकशीत निघालं आणि ऑगस्टमध्ये नेपाळ सरकारने त्यांच्यावर दहा वर्षांची बंदी घातली. ध्येयापेक्षा ध्येय गाठल्याची बातमी मोठी झाली की काय होतं, ते महाराष्ट्राने तेव्हा पाहिलं. आजच्या संकल्पांनाही हा धोका आहे. पहाटे पळण्याआधी पळतानाचा फोटो टाकायची घाई सुटली, तर पळणं टिकण्याची शक्यता वाढेल, असं मला वाटतं.

दुसऱ्या मनीषा वाघमारे, क्रीडा क्षेत्रातल्या प्राध्यापिका. 2017 मध्ये त्या शिखरापासून अवघ्या 170 मीटरवर पोचल्या होत्या. आपल्या देवगिरीच्या किल्ल्याचा डोंगर पायथ्यापासून सुमारे 200 मीटर उंच आहे. तेवढंही अंतर उरलं नव्हतं. हवामान बिघडलं आणि त्या मागे फिरल्या. त्या उंचीवर हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या एक तृतीयांशाच्या आसपास असतो. हट्टाने वर गेलेल्यांना उतरायला बळ उरत नाही, आणि एव्हरेस्टवरचे कितीतरी मृत्यू उतरतानाच झाले आहेत. इतक्या जवळून परत फिरणं ही माझ्या मते या पाच वर्षांतली सर्वांत कठीण कामगिरी. पुढच्याच वर्षी, 21 मे 2018 रोजी, वाघमारे यांनी शिखर गाठलं.

संकल्पांचा अभ्यास करणाऱ्यांनाही मागे फिरून पुन्हा निघण्याचं हेच महत्त्व दिसलं आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन नॉरक्रॉस यांनी 1980 च्या दशकात नववर्षाचे संकल्प करणाऱ्या 200 जणांचा दोन वर्षं मागोवा घेतला. पहिल्या आठवड्यानंतर 77 टक्के लोक संकल्पावर होते, दोन वर्षांनी 19 टक्के उरले. त्या 19 टक्क्यांतले निम्म्याहून अधिक लोकही मध्ये कधीतरी घसरले होते, पण पुन्हा उठले होते. स्वीडनमध्ये हजाराहून अधिक लोकांवर झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, काहीतरी करण्याचा संकल्प घेणाऱ्यांपैकी जवळपास 59 टक्के वर्षअखेर यशस्वी ठरले; काहीतरी सोडण्याचा संकल्प घेणाऱ्यांपैकी 47 टक्के.

एव्हरेस्टवर कोणी एका दमात चढत नाही. आधी बेस कॅम्प, मग वरचे कॅम्प एकेक करून. शरीराला सवय लागावी म्हणून वर जाऊन पुन्हा खाली यायचं आणि मगच अखेरची चढाई. खाली येणं हा त्या आराखड्याचाच भाग असतो. आपल्या संकल्पात खाली येण्याला जागाच नसते. सलग आठ दिवस पहाटे उठलेला माणूस नवव्या दिवशी झोपून राहिला की सगळं संपलं असं मानतो आणि उरलेले अकरा महिने पुढच्या जानेवारीची वाट पाहतो.

म्हणून यंदा संकल्प लिहाल तेव्हा चार गोष्टी लिहा. काय करायचं आहे, ते सोडण्याच्या भाषेत न लिहिता करण्याच्या भाषेत लिहा. या आठवड्याचा पहिला टप्पा कोणता, ते लिहा. कोणाच्या सोबतीने करणार, त्या माणसाचं नाव लिहा. शिखर गाठणाऱ्यालाही दोर लावून देणारे शेर्पा लागतात. आणि संकल्प मोडला तर कोणत्या दिवशी पुन्हा सुरू करणार, तो वार आत्ताच ठरवा. मुदत वाढवावी लागली तर खुशाल वाढवा. शेख यांना तिसऱ्यांदा जावं लागलं, वाघमारे यांना पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागली. शिखर दोघांनीही तेच ठेवलं.