संधिवात नव्हे असा संधिवात

जन्मतः निरोगी असलेलें मूल ३ ते ८ वर्षांच्या सुमारास हळूहळू अडखळूं लागतें. प्रथम बोटांचे सांधे फुगीर होतात. मूठ घट्ट मिटत नाहीं, पेन्सिल धरतां येत नाहीं. पुढें गुडघे व खुबे आखडतात, आणि उंचीहि बेताचीच राहते. घरांतील वडील माणसें 'वात' म्हणतात. डॉक्टरहि पुष्कळदां त्याच तर्कास पोंचतात. मग लहानपणचा संधिवात समजून स्टेरॉइडसारखीं तीव्र औषधें वर्षानुवर्षें दिलीं जातात, आणि सांधे मात्र आखडतच जातात.

वास्तविक या विकारांत दाह नसतोच. सांधा सुजलेला दिसतो खरा, परंतु तो फुगवटा हाडांच्या टोंकांचा असतो. रक्ताची ईएसआर तपासणी बहुधा सरळ येते. दुसरी खूण पाठीच्या क्ष-किरण चित्रांत सांपडते. तेथें मणके चपटे दिसतात. पण बोटें दुखतात म्हणून आलेल्या मुलाच्या पाठीचें चित्र काढण्याचें सुचावें लागतें, आणि सारें घोडें तेथेंच अडतें.

१९८२ सालीं रूथ विन-डेव्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या विकाराचें वेगळेपण मांडलें. १९९९ सालीं त्याचें मूळ सांपडलें. सहाव्या रंगसूत्रावरील एक जनुक बिघडलेलें असतें. त्याच्या सूचनेनुसार ३५४ घटकांचें एक प्रथिन तयार होतें आणि तें सांध्यांतील कूर्चा सुस्थितीत राखण्यास लागतें. तें नसलें म्हणजे कूर्चा अकालींच झिजते.

भारतांतील कुटुंबांचा अभ्यास हैदराबादच्या डीएनए फिंगरप्रिंटिंग व निदान केंद्रांत डॉ. अश्विन दलाल यांनीं, आणि मणिपालच्या कस्तुरबा वैद्यकीय महाविद्यालयांत डॉ. गिरीश यांनीं केला. २०१२ सालीं त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकमेकांस न ओळखणाऱ्या कुटुंबांत त्याच दोन चुका पुनःपुन्हां आढळल्या. एकींत प्रथिनाच्या ३३७ व्या जागीं सिस्टीनऐवजीं टायरोसीन येतें. दुसरींत ५२ व्या जागींच बांधणी थांबते. अशा वेळीं ती चूक एकाच जुन्या पूर्वजापासून उतरत आली असावी, असें अनुमान निघतें. व्यवहारांत याचा लाभ असा कीं, कोठें शोधावें हें आधींच ठाऊक असतें.

धाराशिव जिल्ह्यांतील वाचकांस हा विषय दूरचा वाटूं नये. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानांत होता, आणि उमरगा आजहि सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच आहे. शिवाय मामाच्या मुलीशीं लग्न लावण्याची चाल मराठी मुलखांत जुनी आहे. इरावती कर्वे यांनीं १९५३ सालच्या आपल्या ग्रंथांत तिचें विवेचन केलें आहे. कर्नाटक-तेलंगणाकडे मामा-भाचीचेंहि लग्न होतें. आते-मामे भावंडांत वारशाचा आठवा हिस्सा समान असतो, मामा-भाचींत चौथा. एकच बिघडलेलें जनुक बाळगणारा मनुष्य धडधाकट असतो. परंतु पति-पत्नी दोघेंहि तसे वाहक असल्यास प्रत्येक गर्भास विकार होण्याचा संभव चारांत एक असतो. 'एक मूल आजारी झालें, आतां पुढचीं तीन सुटलीं' असा हिशेब कांहीं घरांत केला जातो, तो साफ चुकीचा. पुढील प्रत्येक गर्भाला तोच चारांत एकाचा धोका असतो. नात्याबाहेर लग्न केलें तरी विकार अजिबात टळतो असेंहि नाहीं. जातींतल्या जातींत पिढ्यान्पिढ्या सोयरिकी झाल्या म्हणजे दूरचीं माणसेंहि एकाच पूर्वजाचा वारसा बाळगून असतात. सुनेच्या माहेरास दोष देणारीं घरें मात्र ध्यानांत घेत नाहींत कीं, मूल आजारी होण्यास बापाकडचा वाटाहि तेवढाच लागतो.

या विकारावर रामबाण औषध अद्याप नाहीं. खरें नांव कळलें म्हणजे स्टेरॉइड बंद करतां येतात, योग्य व्यायाम सुरू होतो, आणि खुबा फारच झिजला तर तो बदलण्याची शस्त्रक्रिया, तरुणपणींच कां होईना, करतां येते. कुटुंबांतील चूक नेमकी ओळखली असेल तर पुढील गर्भाची तपासणीहि शक्य होते. या मुलांची बुद्धि पूर्ण शाबूत असते. शाळेनें त्यांचा वर्ग तळमजल्यावर भरवला आणि परीक्षेंत लिहिण्यास थोडा जादा वेळ दिला, तर तीं इतरांच्या बरोबरीनें शिकतात.